दाराला टेकलेली बाई

आमच्या स्टुडिओत एक दार होतं आणि त्याला भिंत नव्हती. नुसती चौकट. मागे पोपटी पडदा, पुढे कॅमेरा.

त्याचं असं झालं होतं की १९९३ साली एका सिनेमाचं पोस्टर पेणच्या एस.टी. स्टँडच्या भिंतीवर लागलं. नायिका चौकटीला टेकून उभी: डावा हात वर लाकडावर, हनुवटी खाली, नजर वर आणि हसू ओठांच्या एकाच कोपऱ्यात. सिनेमा आठवड्यात उतरला, पोस्टर मात्र वर्षभर राहिलं. लग्नाच्या मुली आणि नवी जोडपी येऊन ‘तसा’ फोटो मागू लागली. मग पुंडलिककाकांनी सुताराकडून चौकट करून घेतली. त्यांचा मेहुणा रोह्याला नदीपलीकडे, अष्टमी गावात, हाच धंदा करायचा. त्यानंही एक करून घेतली.

पुंडलिककाका म्हणजे स्टुडिओचे मालक, माझ्या वडिलांचे मित्र. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि १९९५ मध्ये, कुठल्यातरी कंपनीच्या लॅबमध्ये लागेपर्यंत, त्यांच्या डार्करूममध्ये काम करत होते. रंगीत रोल पनवेलला जायचे, ब्लॅक अँड व्हाइट आमच्याकडे व्हायचं. डेव्हलपर वीस अंशांवर ठेवायचा, फोटो पक्का करणारा हायपो वेळेवर बदलायचा, निगेटिव्हवर पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग भरायचे. यातलं सगळं मोजता येतं, म्हणून मला ते काम आवडायचं.

त्या फेब्रुवारीत वाचनालयात एक व्याख्यान झालं. मुंबईहून मानसशास्त्राच्या एक प्राध्यापिका आल्या होत्या. विषय होता सिनेमातली बाई आणि बघणारा. त्या मनोविश्लेषणाबद्दल बोलल्या. पोस्टरवर बाईचं चित्र नसतं, तिथं कुणाचं तरी बघणं छापलेलं असतं, असं त्या म्हणाल्या. मन आतल्या आत एक चित्र तयार करतं आणि समोर येईल त्या माणसावर ते चिकटवतं. बायकाही ते चित्र बघून उभं राहायला, चालायला, लाजायला शिकतात. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. मूळ शोधायला गेलं तर सापडत नाही.

मी विचारलं, “हे मोजणार कसं?” मागच्या रांगेत लोक हसले. बाई हसल्या नाहीत. “तुमच्याकडे मोजण्यासारखं काही असेल तर मला कळवा,” म्हणाल्या.

माझ्याकडे होतं. आमच्या शोकेसमध्ये मध्यभागी बारा बाय पंधराचा एक मोठा फोटो होता. नऊवारी, नथ, दाराला टेकलेली, अगदी पोस्टरसारखी. रस्त्यानं जाणारे थांबून त्याच्याकडे बघत. मी एक वही केली आणि कोण थांबलं, काय म्हणालं, ते लिहू लागले. एप्रिलअखेर तेवीस नोंदी झाल्या. ‘आमच्या वहिनीसारखी दिसते.’ ‘नागोठण्याला पोस्टात होती ती हीच.’ ‘हिला मी कुठंतरी बघितलंय.’ भाजी विकणाऱ्या काशीबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, “ही मी हाय ना गो? लग्नाच्या आधीची?” त्यांच्या लग्नाच्या वेळी पेणात कॅमेरा नव्हता.

तेवीस जणांनी तेवीस बायका ओळखल्या होत्या. फोटोतलं माणूस होतं जगन.

जगन खाडीकडच्या गावातला, सव्वीस वर्षांचा, मिठागरात कामाला. गावच्या जत्रेच्या नाटकात आठ वर्षं तो स्त्री पार्ट करत होता. फोटो त्यानं दिवाळीत हौसेनं काढून घेतला होता. पेणला आला की तो शोकेससमोर थोडा वेळ उभा राहायचा, मग आत यायचा.

“काय जगन, बायको बघून आलास?” काका दर खेपेला हेच म्हणायचे.

“हां. बरी हाय. तुमची आठवण काढत होती.”

एकदा मी त्याला विचारलं, की गावातल्या कुठल्या बाईचं बघून शिकलास?

“बाईचं बघून बाई होता येत नाय, ताय,” तो म्हणाला. “मिठागरात बाया चालतात कशा? डोक्यावर मिठाची टोपली, पाय फाकलेले. माझ्यासारख्याच. तसा स्टेजवर गेलो तर लोक चपला मारतील. मी पोस्टर बघूनच शिकलो. आरशात नाय बघायचं, पोस्टरात बघायचं.”

मी ते वहीत लिहून घेतलं. मग तोच म्हणाला, “यंदा कमिटी अलिबागसून लेडीज आणणार हाय. खरी. मना सांगितलं, तू पडदा वढ.” हे सांगून तो हसला, आणि मी काही बोलायच्या आत निघून गेला.

चोविसावी नोंद मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी झाली. सकाळी अकराच्या सुमारास इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस बाहेर थांबला. पस्तिशीचा असेल. मी घड्याळ बघितलं, सवयीनं. तो एकोणीस मिनिटं हलला नाही. मग चपला बाहेर काढून आत आला. स्टुडिओत कुणी चपला काढत नाही.

“हा फोटो कधीचा?”

“दिवाळीतला,” काका म्हणाले.

“म्हणजे जिती हाय,” तो म्हणाला. मग आमच्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, “ही माझी मंडळी. सरू. दीड वर्षं झालं घरातून गेली. पत्ता द्या.”

काकांना हसू आवरेना. “अहो, हा बाप्या हाय. जगन नाव त्याचं. मिठागरात काम करतो.”

तो माणूस रागावला नाही. त्यानं मान डोलावली. “तिनं सांगितलं असंल, कोण विचारायला आलं तर असं सांगा म्हणून.”

त्याचं नाव गोविंदा. राहायला वरसे, कामाला रोह्याच्या एका कंपनीत, सुट्टी गुरुवारची. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला आणि बाकावर बसला. त्याच्या पुढच्याही. कुणाला त्रास नाही, चहा दिला तर घ्यायचा नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं खिशातून पाकीट काढून सरूचा फोटो माझ्यासमोर ठेवला.

मी तो दोनदा बघितला. तीच चौकट. डावा हात लाकडावर, हनुवटी खाली, नजर वर, हसू एका कोपऱ्यात.

“अष्टमीत काढला?” मी विचारलं.

“व्हय. पोस्टर लागलं तेव्हा. मीच नेली. तिला जमत नव्हतं, फोटोवाल्यानं दोनदा सांगून पण जमंना. मग मी हनुवटी धरून बसवली तेव्हा जमलं.” तो फोटोकडे बघत बोलत होता. “घरी पण विसरू नये म्हणून रोज करायचो. मी शिफ्टवरून आलो की तिनं दारात असं उभं राहायचं. पाच मिनटं. मी बघायचो, मग जेवायचो. एवढंच. मॅडम, मी हात उगारला नाय कधी तिच्यावर. विचारा वरशात कोणालाही.”

“आणि उभी राहिली नाही तर?”

“मी थांबायचो.”

“किती वेळ?”

“उभी राहीपर्यंत.” त्याला माझा प्रश्न कळला नाही असं वाटलं. “एकदा सकाळ झाली. पण राहिली.”

काका बाहेर जाऊन गिऱ्हाइकाशी बोलू लागले.

गोविंदानं सांगितलं की तो प्रत्येक सुट्टीला हिंडतो. नागोठणं, पनवेल झालं. कोलाडला हायवेच्या हॉटेलांत मागच्या बाजूला भांडी घासणाऱ्या बायासुद्धा बघून आला. “तिच्या तोंडून ऐकायचंय. ‘येते’ म्हणू दे नायतर ‘नाय’ म्हणू दे. ऐकल्याबिगर मी थांबणार नाय.”

सरू कुठंतरी होती. हा माणूस आठवड्यातला एक दिवस, न चिडता, न थकता, तिच्या दिशेनं चालत होता, आणि रायगड जिल्हा काही फार मोठा नाही. तो फसला होता, पण त्याची चूक दाखवून उपयोग नव्हता. चूक दाखवली की तो इथून उठून पुढच्या गावाला जाणार होता.

तरी मी आधी चूक दाखवायचाच प्रयत्न केला. मला तेवढंच येत होतं. सरूच्या फोटोची मी कॉपी निगेटिव्ह काढली, तिच्यात आणि जगनच्या निगेटिव्हमध्ये डोळ्यांतलं अंतर सारखं येईल अशी. मग त्या एकावर एक ठेवून एनलार्जरमध्ये घातल्या. डेव्हलपरमध्ये कागद हलवत असताना आधी चौकट आली, मग हात. हात एकच आला. दोन माणसांचा हात, पण एकच, कोपराचा कोनसुद्धा तोच. मग हनुवटी, ओठांचा कोपरा, डोळे. कुठं कडा दुहेरी नव्हती. लाल उजेडात एक पुरी बाई माझ्याकडे खालून वर बघत होती. ती सरू नव्हती आणि जगनही नव्हता. फक्त कान दोन आले होते, एकाच बाजूला, एकाखाली एक.

मी तो कागद हायपोत टाकला आणि हात धुतले. मग जुने डबे काढून दोन वर्षांतल्या दारातल्या मुलींच्या निगेटिव्ह बघत बसले. एक्केचाळीस निघाल्या. कोनमापक लावून हनुवटी मोजली. तीन अंशांपेक्षा जास्त फरक कुठंच नव्हता. बत्तिसाव्या पाकिटावर माझं नाव होतं. स्थळांना पाठवायचा म्हणून आईनं काढायला लावलेला फोटो. मला ‘हनुवटी खाली’ असं कुणी सांगितल्याचं आठवत नव्हतं.

गुरुवारी मी गोविंदाला कान दाखवले. सरूच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, जगनची सुटी. माणसाचा कान बदलत नाही, असं समजावलं.

त्यानं दोन्ही फोटो बराच वेळ बघितले. “कान?” तो म्हणाला. “कान कोण बघतो?”

जगनला मी सगळं सांगितलं. त्याला गंमत वाटेल असं मला वाटलं होतं.

“रोज उभी करायचा?”

“रोज.”

“मंग बोलव त्याला. मी येतो साडी नेसून.”

काका म्हणाले, “अरे, मार खाशील.”

“तो मारत नाय ना? तो बघतो. बघू दे.” मग माझ्याकडे वळून, “यंदा तसा पण पार्ट नाय मना. हा करतो.”

“तू काय बोलशील त्याच्याशी?”

“नाटकात शेवटी बाई काय करते? नवऱ्याचे पाय धरते. ‘चुकले’ बोलते. आठ वर्षं तेच केलंय. मना दुसरं येत नाय.”

“असं म्हणालास तर तो घेऊन जाईल,” मी म्हणाले. मी कागदावर वाक्य लिहून दिलं: मी सुखात आहे, माझा शोध घेऊ नये.

त्यानं वाचलं. “हे कोण बोलतं, तलाठी?” त्यानं ते स्वतःचं करून घेतलं: ‘मी बरी हाय. मना हुडकू नका.’ मी म्हटलं, गोविंदा सांगतो त्यावरून ती आतल्या गावातली, भातशेतीवाल्यांची मुलगी, ‘मना’ नाही म्हणणार, ‘मला’ म्हण. त्यानं चार वेळा ‘मला, मला’ असं घोकलं.

जूनच्या पहिल्या गुरुवारी दुपारी बाराला मी शटर अर्धं ओढलं. बाहेर ऊन होतं आणि पासपोर्टच्या फोटोसाठी आलेले दोघं पायरीवर बसले होते. जगन आतून तयार होऊन आला आणि चौकटीत उभा राहिला. मी त्याला मिशी काढलेला, पावडर लावलेला अनेकदा बघितला होता. पण चौकटीला त्याचा हात लागला, तशी मी मागे सरले.

गोविंदा आला. त्यानं चपला काढल्या. समोरच्या स्टुलावर बसला आणि हात मांडीवर ठेवले. तिच्याकडे बघत राहिला. मी घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट. दोन. त्याचा चेहरा सैल होत गेला, जेवणाआधी माणसाचा होतो तसा. पाच मिनिटं झाली.

“हनुवटी,” तो प्रेमानं म्हणाला.

हनुवटी किंचित खाली गेली.

मग तो म्हणाला, “चल आता. घर झाडून ठेवलंय.”

आता जगननं ते वाक्य बोलायचं होतं. मी डार्करूमच्या दारातून त्याच्याकडे बघत होते. ओठ हलले, पण आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला तो त्याच्या स्टेजवरच्या बाईचा नव्हता. स्टेजवरचा आवाज पातळ आणि गोड होता. हा जाड होता, थकलेला.

“माझ्या पायांत गोळे येतात,” असं तो आवाज म्हणाला. “मी आता बसते.”

आणि ती बसली. हात चौकटीवरून काढला, उंबरा नसलेल्या त्या दारात खाली बसली, एक गुडघा उभा, दुसरा पाय आडवा, निऱ्या पायांमध्ये खोचून घेतल्या, आणि उभ्या गुडघ्यावर हात टाकून जमिनीकडे बघत राहिली.

गोविंदा उठला नाही. “ऊठ,” तो म्हणाला, तसाच हळू.

“नाय.”

“ऊठ, सरू. पाच मिनटं.”

“नाय.”

मग तो थांबला. त्याला थांबणं येत होतं. मीही थांबले, काकाही. बाहेर पायरीवरचे दोघं कंटाळून निघून गेले. बारा वाजून पंधरा, बारा चाळीस. ती हलली नाही. गोविंदाच्या मांडीवरचे हात आधी स्थिर होते. मग बोटं एकमेकांत गेली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघायचा प्रयत्न करत होता. पण चेहरा खाली होता, त्याला फक्त भांग, गुडघा आणि पावलं दिसत होती, आणि त्या पावलांकडे तो असा बघत होता जणू त्यांना पहिल्यांदाच बघतोय. एक वाजायला सहा मिनिटं असताना त्यानं कपाळ पुसलं.

“तिच्या माहेरी अशाच बसतात,” तो म्हणाला. आम्हाला उद्देशून असावं. “भात निवडताना. मी सांगितलेलं, आपल्याकडं असं बसायचं नाय.”

तो आमच्याकडे वळला.

“हे कोणी सांगितलं हिला?”

“मी नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं. मला माहीतच नव्हतं.

तो उठला. खिशातलं पाकीट काढून सरूचा फोटो स्टुलावर ठेवला, नीट, कडा जुळवून. “बरं,” तो म्हणाला. “नाय तर नाय.” शटरखालून वाकून गेला. चपला घालायच्या आधी त्यानं शोकेसकडे मान वळवली नाही.

तो पुन्हा आला नाही. पुढच्या महिन्यात काकांच्या मेहुण्याकडून कळलं की गोविंदा सुट्टीला आता कुठं जात नाही. घरातच असतो, दार आतून लावून. त्या घराच्या दाराला त्यानं पडदा लावलाय, असंही कळलं. सरूबद्दल कुणाला काही कळलं नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

पण त्या दुपारी गोविंदा गेल्यावरही जगन तसाच बसून होता. काकांनी शटर वर केलं, स्टुडिओत ऊन आलं, तरी तो उठेना. मी पाणी नेऊन दिलं. त्यानं भांडं घेतलं तेव्हा हात त्याचाच होता, मिठानं चिरलेला.

“वाक्य विसरलास का?”

“नाय. तोंडात होतं.” आवाज त्याचा स्वतःचा, नेहमीचा. तो पाणी प्यायला. “पायांचं काय बोललो मी?”

“गोळे येतात म्हणालास.”

“ते खरं हाय. दिवसभर मिठाच्या पाण्यात उभा असतो. ते माझंच.” त्यानं भांडं खाली ठेवलं. “पण आठ वर्षं स्टेजवर पाय धरायला वाकलो, तेवढंच. एकदा पण खाली बसलो नाय. बाईनं बसायचं कुठं लिहिलेलंच नसतं.”

“मग सुचलं कसं?”

“मना नाय सुचलं.” त्यानं खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं, उभ्या गुडघ्याकडे, खोचलेल्या निऱ्यांकडे. “आमच्याकडं असं कोण बसत नाय, ताय. आमी उकिडवे बसतो. बायापण. ही बैठक माझी नाय.”

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. एकदा घडलेली गोष्ट म्हणजे काहीच नाही, पुन्हा करून बघावी लागते. मी त्याला म्हणाले, ऊठ आणि परत तसाच बस.

तो उठला. चौकटीवर हात ठेवला, हनुवटी खाली घेतली, मग हात काढून खाली बसला. पाय फतकल मारल्यासारखे पसरले. “असं?” त्यानं विचारलं. नव्हतं. गुडघा उभा केला तर निऱ्या सुटल्या, निऱ्या खोचल्या तर तोल गेला. काका हसायला लागले आणि मधेच थांबले.

त्यानं चार वेळा बसून बघितलं. चारही वेळा जगनच बसला.